हॉलपर्यंत पोचणारा वास

करपून कोळसा होत चाललेल्या धण्यांचं मी एकदा तोंड भरून कौतुक केलेलं आहे. तेही ज्यांचे धणे करपत होते त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर उभं राहून.

तमिळ मुलखात, वेलचेरीला आम्ही नुकते राहायला आलो होतो. माझी नोकरी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात, मोटारींना लागणारी रबराची सीलं तपासण्याची. समोरच्या दारावर इंग्रजीत ‘सेतुमाधव राव’ अशी पाटी होती आणि ते ‘तुमच्यातलेच’ आहेत, असं वॉचमन सांगून गेला होता. म्हणून एका रविवारी सकाळी वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी हातात देऊन मला ओळख करून घ्यायला पाठवलं. दार उघडंच होतं. हॉलमध्ये वेताच्या खुर्चीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, दवाखान्यात आपला नंबर पुकारला जाईल म्हणून बसावं तसे, पाठ ताठ करून बसले होते. पेपर मांडीवर होता पण वाचत नव्हते. आणि घरभर एक उग्र, जळका वास कोंदला होता.

मला वाटलं, तंजावरकडचा काही खास पदार्थ असेल. परक्या मुलखात आधी कौतुक करावं, चौकशी मागाहून, असा आपला बाणा.

“वा!” मी दारातूनच म्हणालो. “काय खमंग वास सुटलाय!”

ते गृहस्थ खुर्चीतून उडालेच. “आला? वास आला?”

“आला म्हणजे काय! पार जिन्यापर्यंत आलाय!”

त्यांचा चेहरा असा उजळला, की आपण फारच चांगलं काहीतरी बोलून गेलो असं मला वाटलं. ते लगबगीने आत गेले. मग आतून कढई आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धूर. मी धावलो. ओट्यापाशी ते फडक्याने कढई धरून उभे होते. कढईत काळे ठिक्कर धणे. रागावले नाहीत. मास्तर चुकलेल्या गणिताकडे बघतात तसं कढईत बघत म्हणाले, “जिन्यापर्यंत म्हणजे फार लेट. हॉलपर्यंत यायला पाहिजे होता.”

मी चटणीची बरणी ओट्यावर ठेवली आणि घरी येऊन वृंदाला सांगितलं, की समोरचे आजोबा जरा भ्रमिष्ट आहेत. माणसं ओळखण्यातला माझा हातखंडा हा असा.

सेतुमामा तांबरमच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचे पूर्वज तंजावरला गेले त्याला शतकं लोटली, पण मराठी घरात राहिली होती. कशी राहिली होती ते ऐकायला हवं. बखर वाचता वाचता कुणीतरी मध्येच उठून तमिळमध्ये भाजी घ्यायला जावं आणि येताना इंग्रजी पेपर घेऊन यावा, तशी. “मजला” म्हणायचे, “काय म्हणून” म्हणायचे, आणि पटलं की “सेरि, करेक्ट.” मला ते “जोशी सार”, म्हणजे सर, म्हणत. ‘छान’ या शब्दाचा त्यांना तिटकारा होता. कुठलीही गोष्ट छान आहे असं म्हटलं की भुवई वर जाई. “हे ॲन्सर झालं. स्टेप्स?”

त्या रविवारचा उलगडा हळूहळू, त्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने झाला. त्यांची बायको पद्मामामी रसमची पोडी, म्हणजे मसाला, घरीच करत असे. धणे, मिरे, तूरडाळ, सगळं वेगवेगळं भाजायचं. धणे भाजताना ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या माणसाला वास कळेनासा होतो, नाक त्यातच बुडालेलं असतं. म्हणून त्या दोघांनी एक रीत पाडली होती. मामी ओट्यापाशी, मामा हॉलमधल्या खुर्चीत. आतून हाक यायची, “आला?” मामा म्हणायचे, “नाही.” पुन्हा, “आला?” आणि ज्या क्षणी भाजल्या धण्यांचा वास खुर्चीपर्यंत पोचेल त्या क्षणी मामा ओरडायचे, “आला!” की खट्कन गॅस बंद. लग्नापासून ही रीत चाललेली. घरं बदलली तशी खुर्चीची जागाही अंदाजाने ठरवून घेतली होती.

मग ती साथ आली. दोघंही एकाच आठवड्यात तापाने पडले. मामी गेल्या. मामा उठले, पण त्यांच्या नाकातून वास गेला तो गेलाच.

“दोन्ही एकदमच,” मामा म्हणाले. “दवाखान्यांतून घरीं आलों. तिचं कपाट उघडलं. साड्यांत तोंड घातलं. नुस्त्या साड्या. पद्मा नाही.”

त्या रविवारी त्यांनी पहिल्यांदाच एकट्याने पोडी करायला घेतली होती. धणे कढईत घातले, गॅस लावला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आपल्या खुर्चीत येऊन बसले. वास यायची वाट बघत. आपल्याला वास येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या खुर्चीला ठाऊक नव्हतं. आणि दारात मी उगवलो, “काय खमंग वास!” करत.

ही हकिगत बेंगळुरूच्या मुलीला, गायत्रीला, कळली. मामांनीच फोनवर गंमत म्हणून सांगितली. तिला गंमत वाटली नाही. धूर आलेला कळत नाही, गॅस सुटलेला कळणार नाही, आता घर बंद करायचं आणि इकडे यायचं, असं तिने बजावलं. तिचं काही चुकत नव्हतं. पण मामांना घर सोडायचं नव्हतं, आणि त्याला नुसता हट्ट म्हणता येणार नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरणीने त्यांना सांगितलं होतं, की चव काही जिभेवर तयार होत नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढंच काय ते कळतं. बाकी सगळं नाक आणतं. डोळे रंग आणतात, कान कुरकुर आणतात, हात गरम-गार आणतात, आणि मेंदू हे सगळं कालवून त्याला चव म्हणतो.

“टंगला पासिंगपुरते मार्क,” मामा मला समजावत. “बाकी सगळे मार्क दुसऱ्यांचे. पण सर्टिफिकेटवर नाव टंगचं!”

त्यावरून त्यांनी आपला सिद्धांत मांडला होता. नाक गेलं, पण बाकीच्या वस्तू या घरात शाबूत आहेत. तीच कढई, तेच स्टीलचे पेले, ओट्यावरचा तोच उजेड, खिडकीतून ऐकू येणारी तीच रेल्वेगाडी. आणखी एक-दोन धागे जोडले तर एखाद्या दिवशी मेंदू चुकून उरलेलं भरून काढील आणि पद्माच्या रसमची चव येईल. “बेंगळुरूला गेलों तर हे पण गेलं. मग कशाची बेरीज करूं?”

तेव्हा तोडगा असा निघाला, की मी रोज जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरावर नाक ठेवायचं. गायत्रीने फोनवर माझे आभार मानले. वृंदाला हसू आवरेना. “तुमचं नाक?” ती म्हणाली. “परवा बाथरूममधलं फिनेल बाटली उघडून हुंगलंत आणि विचारलंत, हे कसलं सरबत!”

डॉक्टरणीने मामांना वासाचा व्यायाम दिला होता. चार बाटल्या, चार वास, रोज सकाळी एकेक हुंगायचा आणि तो वास आठवायचा. मामांनी बाटल्यांत आपल्या मनाने हिंग, कॉफी, कढीलिंब आणि कापूर भरला होता. मी कामावर जायच्या आधी पोचायचो. आधी मी हुंगायचं आणि वर्णन करायचं, मग मामांनी हुंगायचं.

पहिल्या दिवशी हिंगाची बाटली नाकाशी धरून मी म्हणालो, “छान.”

“स्टेप्स?”

“उग्र.”

“उग्र तर आमचे प्रिन्सिपॉल पण होते. पुढे?”

मी डोळे मिटले. वीस वर्षं रबराच्या वासात काढलेला माणूस, दुसरं काय सुचणार? म्हणालो, “मामा, राग मानू नका. आमच्याकडे रबर तापवतात ना, त्या खोलीचं दार उघडलं की असा वास येतो. गंधक. आणि त्याच्या मागे कुणीतरी लांब कुठेतरी कांदा परततंय.”

मला वाटलं, आता हाकलणार. मामांनी बाटली माझ्या हातातून घेतली, नाकाशी धरली आणि किती तरी वेळ तसेच बसले. “सेरि,” म्हणाले. “गंधक. कांदा लांब. बघूं.”

काही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दार मी वाजवायच्या आधीच उघडलं होतं.

तोवर मी स्वतःला खवय्या समजत होतो. ताटात काय आहे ते न बघता दोनदा मागून घेणारा माणूस स्वतःला असंच समजतो. मामांनी माझी ती समजूत पद्धतशीर काढून टाकली. एकदा त्यांनी मला नाक दाबून एक नारिंगी गोळी चघळायला लावली. नुसतं गोड. साखर चोखल्यासारखं. “आतां सोडा,” म्हणाले. नाक सोडलं आणि सबंध तोंडात संत्रं फुटलं. मी चकित होऊन बघत राहिलो. मामा म्हणाले, “जिभेवर नाही आलं तें. गळ्याच्या मागून नाकांत गेलं. माझा तोच रस्ता बंद.” असं म्हणत त्यांनी पाकिटातली दुसरी गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि साखर चोखत बसले.

अप्पळम, म्हणजे आपला पापड, त्यांचा फार लाडका. कारण त्याचे बरेचसे मार्क कानाला होते. ते दोन्ही कानांत बोटं घालून अप्पळम खायचे. “करून बघा. डोक्यांत गिरणी चालू होते!” मी करून बघितलं आणि खरोखर कवटीत गिरणी सुरू झाली. त्याच वेळी गायत्रीचा व्हिडिओ कॉल आला. पलीकडे तिला काय दिसलं असेल? तिचे वडील आणि एक टकला शेजारी, समोरासमोर, कानांत बोटं घालून, डोळे मिटून रवंथ करताहेत. दमट दिवस असला, अप्पळम सादळला, की मामा तो बाजूला सारत. “आवाज नाही तर काय खायचं त्यांत?” त्या दिवशी बहुधा ताक-भात. तोही न बोलता, भिंतीकडे बघत, एखादं काम उरकल्यासारखा.

पावसाळ्यात आमच्या भागात पाणी भरतं. इशारा आला की सगळे आपापल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन लावतात आणि घरात येऊन बसतात. अशाच एका संध्याकाळी वीज गेली. वृंदाने आमचा स्वयंपाक उचलला आणि आम्ही मामांकडे जेवायला गेलो. एकुलती मेणबत्ती जिन्यात ठेवली होती, म्हणून हॉलमध्ये मिट्ट काळोख. पहिला घास घेऊन मी जाहीर केलं, “वांगं सुरेख झालंय!”

“कच्चं केळं आहे,” वृंदा म्हणाली.

मामा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “डोळे गेले तर जोशी सारांची जीभ पण फेल! आतां या, माझ्या बेंचवर बसून घ्या.” त्या रात्री ते नेहमीपेक्षा जास्त जेवले. अंधारात त्यांचं आणि आमचं पान सारखंच होतं, म्हणून की काय. मग दिवे आले. आम्ही भांडी गोळा करू लागलो तसे मामा म्हणाले, “बसून घ्या की. फॅन आत्तांच चालू झालाय.” फॅन आमच्याही घरी चालू झालेला असणार. आम्ही बसलो. पंखा फिरत राहिला.

पुढे एका दुपारी मी कारखान्यात असताना वृंदाला जिन्यात गॅसचा वास आला. मामांच्या दारातून येत होता. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता, गॅस चालूच, आणि मामा हॉलमधल्या खुर्चीत बसून कापराची बाटली हुंगत होते. व्यायाम करत होते. वृंदाने शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मग मात्र ती जमिनीवरच बसली. मामांनी तिला पाणी आणून दिलं. “काय झालं, अम्मा?” विचारत होते. त्यांना कळलंच नव्हतं.

वृंदानेच गायत्रीला फोन केला. तो करताना ती रडत होती.

यावेळी मामांनी वाद घातला नाही. गायत्री आली, सामान बांधायला माणसं ठरली, गॅसचं कनेक्शन परत करायचं ठरलं. निघायच्या आदल्या सकाळी मामांनी मला बोलावून घेतलं. ओट्यावर कढई होती, शेजारी वाटीत धणे.

“अप्पा, प्लीज,” गायत्री म्हणत होती. तिची मराठी अडखळत यायची. “बेंगळुरूला सगळं मिळतं ना. पोडी पण मिळतं.”

“मिळतं, मा. पण तिथें हा हॉल नाही.” मग मला म्हणाले, “जोशी सार, खुर्ची.”

आता सांगायची अडचण अशी, की मला त्या दिवशी सणसणीत सर्दी झाली होती. दोन्ही नाकपुड्या बंद. हे मी सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं. पण मामा कढई तापवायला वळले होते, आणि ती वळलेली पाठ बघून माझ्याने काही बोलवेना. मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो. पाठ आपोआप ताठ झाली. गायत्री मान हलवत बेडरूममध्ये साड्यांच्या घड्या घालायला गेली.

धणे कढईत पडले. उलथनं फिरू लागलं.

“आला?” आतून मामांची हाक.

“नाही,” मी म्हणालो. हे तर मी वर्षभर म्हणू शकलो असतो.

नाक नव्हतं तर निदान कान होते. तेवढं मामांनी शिकवलं होतं. आधी धणे वाळू सरकावी तसे जड सरकत होते. मग आवाज हलका होत गेला, सुका, खुळखुळता.

“आला?”

“नाही.”

बाहेरून गाडी गेली आणि सगळं ऐकू येईनासं झालं. मला घाम फुटला. आता हे धणे करपले, तर या घरातला शेवटचा वासही माझ्याच नावावर जळका लागणार. गाडी लांब गेली. कढईत एक दाणा तडकला. मग दुसरा.

“आला!” मी ओरडलो.

खट्. गॅस बंद झाला. आपण बरोबर ओरडलो की चूक, हे कळायला मला काहीही मार्ग नव्हता, आणि मामांनाही नव्हता. एका घरात दोन बंद नाकं, मध्ये एक कढई.

तेवढ्यात बेडरूमच्या दारात गायत्री आली. हातात अर्धवट घडी घातलेली साडी. ती काहीतरी विचारायला येत होती बहुतेक. दोन पावलं टाकली आणि थांबली. नाकपुड्या हलल्या. “अम्मा...” एवढंच म्हणाली, आणि साडी तिने छातीशी धरली.

मामा कढई घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. धण्यांकडे बघतच नव्हते. मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते, फळ्यावर विद्यार्थी गणित सोडवत असताना मास्तर बघतात तसे, मध्ये न बोलता, शेवटच्या ओळीपर्यंत.

“आला,” मामा हळूच म्हणाले. “हॉलपर्यंत आला. करेक्ट.”

“अप्पा, तुम्हाला? तुम्हाला येतो वास?”

“मजला नाही, मा. तुझ्या तोंडावर दिसला.” त्यांनी कढई खाली ठेवली. “बस. स्टेप्स सांग.”

ती जमिनीवरच बसली आणि सांगू लागली. तमिळ, मराठी, मध्येच इंग्रजी. शाळेतून आल्यावरच्या दुपारी, अम्माचे हात, धण्यांच्या मागून येणारं काहीतरी, लिंबासारखं, नाही, लिंबाच्या सालीसारखं. मला निम्मं कळलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. मी खुर्चीतून उठलो, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि आलं नाही तेच बरं.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. मामा मागच्या सीटवर बसले. मांडीवर त्याच धण्यांच्या पोडीचा डबा. खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलतील.

“जोशी सार,” म्हणाले, “रात्रीं वाफ घ्या. ओवा घालून. काल तुमचा आवाज ऐकूनच कळलं मजला, नाक फुल ब्लॉक आहे.”

मी कसनुसं हसलो. मोटार निघाली. फाटकाशी ती जरा थांबली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं. मामांनी तो डबा उचलून कानाशी नेला होता आणि हलकेच हलवून ऐकत होते.

त्या रात्री जेवताना मी नेहमीसारखी आमटी दोनदा मागून घेतली. सर्दीने कशाचीच चव नव्हती, तरी. वृंदा वाढता वाढता थांबली. पळी तशीच हातात.

“सर्दी गेली ना, की एक दिवस माझ्या आमटीपाशी नुसते बसा,” ती म्हणाली. “जेवायचं नाही. बोलायचंही नाही. वास तेवढा घेऊन ठेवा.”